नवव्या दिवसानंतरचे आकडे

स्क्रू काचेच्या बशीत ठेवला आणि टिण् असा आवाज झाला. एवढंच झालं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला हिरामण बरण्या विसळत होता. त्यानं मान वर केली आणि लगेच खाली घातली. इतक्या लगेच, की त्यामुळंच तो आवाज मला पुन्हा एकदा ऐकू आला. मॅग्नेशियम असं वाजत नाही हो. बत्तीस वर्षं मी पोरांना धातू शिकवले, आणि शेवटची अकरा वर्षं या एकाच धातूच्या मागं घातली. डोळे बांधून हातात दिला तरी सांगेन. मॅग्नेशियमचा स्क्रू काचेवर पडला तर वाळकी शेंग पडल्यासारखा वाजतो. वजन म्हणाल तर तांदळाचे चार-पाच दाणे. चिमट्यात आहे की सुटला हे बघून खात्री करावी लागते. हा मी बशीतून उचलून तळहातावर घेतला आणि तो हाताला कळला. मग उगाचच दुसऱ्या तळहातावर घेतला, डावा हात काही वेगळं सांगेल म्हणून. त्यानंही तेच सांगितलं. खिडकीतून टोलनाक्याकडं जाणाऱ्या ट्रकांचा आवाज येत होता, कोमट पाण्याची टाकी नेहमीसारखी गुणगुणत होती, आणि भिंतीवरच्या घड्याळात नऊला पाच मिनिटं कमी होती.

खरं तर तो बाहेर काढायचाच नव्हता. नियम माझाच, की चौऱ्याऐंशी दिवस पुरे होईपर्यंत स्क्रूला कुणी हात लावायचा नाही. पण सकाळी सिद्धांतचा फोन आला. सिद्धांत म्हणजे दहिवलीतला, आमच्याच गल्लीतला मुलगा. आता पनवेलला हाडांचा डॉक्टर आहे. "काका, शनिवारी आमच्या कमिटीपुढं तुमचा अहवाल ठेवतोय. स्क्रूचा एक फोटो पाठवा ना. साठ दिवस पाण्यात राहून कसा दिसतो ते दिसलं की निम्मं काम होईल." काल साठ दिवस पुरे झाले होते. काल मी सहीनिशी अहवाल पाठवला होता. कमिटीनं मान डोलावली की पुढची पायरी शेळ्यांच्या पायात, आणि ती जमली की माणसांत, म्हणजे सिद्धांतच्या भाषेत 'पोरांत', कारण हाडं जास्त करून पोरंच मोडून घेतात. काल मी कर्जतहून पेढे आणले होते. ऋजुतानं, माझ्या मुलीनं, अर्धाच खाल्ला, डायटिंग म्हणाली. हिरामणनं तर पेढा तोंडात टाकलाच नाही, कागदात बांधून खिशात ठेवला. मला वाटलं नातवंडासाठी नेत असेल घरी, पोशीरला. माणसं किती मायाळू असतात असंसुद्धा मला वाटलं. आज ते आठवून डोक्यात तिडीक गेली.

या भानगडी ज्यांना माहीत नाहीत त्यांना सांगतो, कारण शिकवल्याशिवाय मला राहवत नाही. हाड मोडलं की पोलादाची पट्टी लावून स्क्रूनं आवळतात. हाड जुळतं, पट्टी तशीच आत राहते, आणि मुलाचं हाड वाढतं असेल तर ती काढायला दुसऱ्यांदा कापावं लागतं. मॅग्नेशियमचं तसं नाही. ते शरीरात आपोआप विरघळतं, पुन्हा कापायला नको. पण ते फार घाईनं विरघळतं. हाड जुळायच्या आधीच स्क्रू गळून जातो, आणि विरघळताना वायू सोडतो तो वेगळाच. म्हणून त्यावर लेप चढवायचा, कॅल्शियम फॉस्फेटचा, हाडाच्याच जातीच्या क्षाराचा. स्क्रू क्षारांच्या पाण्यात बुडवून हलकी वीज सोडली की पांढरट थर बसतो. तो थर टिकला तर स्क्रू सावकाश झिजतो. टिकतो की नाही हे बघायला रक्तासारख्या खारट पाण्यात, अंगाच्या उबेला, स्क्रू दोऱ्यानं टांगून ठेवायचा आणि वर एक खुणा केलेली काचेची नळी उलटी धरायची. स्क्रू झिजला की बुडबुडे त्या नळीत साठतात. रोज सकाळी साडेआठला नळी वाचायची आणि नोंदवहीत आकडा लिहायचा. सहा बरण्या: तीन लेपाच्या, तीन उघड्या. उघडे स्क्रू तिसऱ्या आठवड्यातच संपले. लेपाचे तिन्ही टिकले. सुरुवातीला थोडा वायू आला, मग थांबला. आणि हे अगदी असंच होणार म्हणून मी पहिल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं, की लेपाला भेगा जातील, पण पाण्यातलंच कॅल्शियम येऊन त्या भेगा बुजवील. कॉलेजातले लोक हसले होते. निवृत्त माणसाला एक खोली दिलीय, बसू दे खेळत, असा त्यांचा सूर होता.

मी नखानं खरवडलं. पांढरा थर पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली चकचकीत पोलाद. स्टीलसुद्धा त्याच पाण्यात बुडवून वीज सोडली तर तसंच पांढरं दिसतं, हे मला कशाला कुणी सांगायला हवं? मी भिंग घेतलं. स्क्रूच्या डोक्यावर आडवी खाच असते, पेचकस बसायला. त्या खाचेची एक कड झिजलेली होती, गोल झालेली. ती कड मी ओळखतो. बावीस वर्षांपूर्वी एका सर्जननं बाहेर येऊन तोंडावरचा मास्क खाली ओढत मला सांगितलं होतं, "पाच पटकन निघाले. सहाव्याची खाच झिजली, पेचकस सारखा सटकत होता. चाळीस मिनिटं गेली त्यात. जरा ओढाताण झाली." ओढाताण. हा शब्द मी आजवर कुणाला माफ केलेला नाही.

ऋजुता नऊ वर्षांची असताना दहिवलीच्या पुलावर सायकलवरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. पट्टी, सहा स्क्रू. हाड छान जुळलं. चौदा महिन्यांनी मी म्हटलं, आता काढून टाकू. अनसूया, माझी बायको, म्हणाली, "राहू दे ना ते आत. तिला काही टोचतंय का?" मी पुस्तकं वाचणारा माणूस. वाढत्या हाडात धातू राहू नये असं पुस्तकात होतं. अनसूया पिशवी घ्यायला घरी गेली होती तेवढ्यात मी फॉर्मवर सही केली. त्या ओढाताणीत एक नस दुखावली, आणि ऋजुताचा उजवा अंगठा आणि तर्जनी कायमची ढिली पडली. पेन्सिल धरवेना. मग मी रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून तिला डाव्या हातानं सगळं पहिल्यापासून शिकवलं. अक्षरं, बुटाची लेस, सुरगाठ, निरगाठ. समोर बसून, म्हणजे मी उजव्यानं करायचो आणि ती आरशात बघितल्यासारखी डाव्यानं. काढलेली पट्टी आणि सहा स्क्रू दवाखान्यानं कापसात गुंडाळून दिले. अनसूयानं ते एका पितळी डबीत घालून तिच्या कपाटात ठेवून दिले. मी ती डबी एकदाच मागून घेतली, अकरा वर्षांपूर्वी. त्यातला एक स्क्रू खोपोलीच्या लेथवाल्याला नमुना म्हणून दाखवला आणि सांगितलं, अगदी असाच, याच मापाचा, मॅग्नेशियमचा करून दे. तेव्हापासून माझा प्रत्येक स्क्रू त्याच मापाचा आहे. त्यामुळं बरणीत तो बदलला गेला तरी वरून काही कळणार नव्हतं. कळू नये याची सोय मीच करून ठेवली होती.

आणि मग दोरा. स्क्रूच्या मानेला नायलॉनचा दोरा बांधलेला असतो. माझ्या निरगाठीचं टोक उजवीकडं सुटतं. हे टोक डावीकडं सुटलं होतं. मी दुसऱ्या बरणीत वाकून बघितलं, तिसऱ्या बरणीत बघितलं. तिन्ही टोकं डावीकडं. एवढे दिवस मी सकाळी इथं येऊन वरच्या नळीकडं बघत होतो. खालच्या गाठीकडं एकदाही बघितलं नाही.

"हिरामण, हे कुणी बांधलं?"

"मला काय म्हाईत, सर."

"तुला माहीत आहे."

"आमी बरण्या धुतो, सर. धुतल्या की ठेवतो. आमी कशाला हात लावतोय त्याला?" त्यानं ओले हात पँटला पुसले, आणि मी काही विचारलेलं नसताना म्हणाला, "ताई तुमचं वाईट नाय करायची. तुमी रागावू नका तिच्यावर."

मी ताईचं नाव घेतलंच नव्हतं. ऋजुता याच कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, तिचं खातं आमच्या खोलीच्या मागंच आहे, आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला मध्ये दार आहे. मला वाटायचं, त्या दारामुळं आम्ही बापलेक एकाच कामात आहोत. हिरामणला खिशातला पेढा खाल्लास का, एवढं विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही.

माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन हा प्रयोग चालू असतानाच झालं, आठव्या दिवशी. आठ दिवस डोळ्याला पट्टी, खाली वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही. मी ते पुढं ढकलायला निघालो होतो. ऋजुताच म्हणाली, "बाबा, आठच दिवस ना? आकडे मी घेते." आणि मी गेलो. का नाही जाणार? तिचा आकडा मी आयुष्यात कधी तपासला नाही. ती शाळेत असताना गणिताची वही दाखवायला आणायची तेव्हासुद्धा मी खालचं उत्तर बघून सही करायचो, कारण ती चुकत नाही हे मला माहीत होतं. रोज संध्याकाळी पट्टी बांधलेल्या डोळ्यानं मी पलंगावर पडून विचारायचो, "किती?" आणि ती आकडा सांगायची. नवव्या दिवसानंतर आकडा हलला नाही. मला इतका आनंद झाला की त्या रात्री ठणकणाऱ्या डोळ्यानंही मला झोप लागली. पट्टी निघाली, मी परत आलो, आणि रोज सकाळी तोच आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचून स्वतःच्या अक्षरात लिहायला लागलो. डोळ्यांत धूळ फेकणं म्हणतात ते ऐकून होतो, पण नवीन भिंग बसवलेल्या डोळ्यात अशी बेमालूम धूळ टाकली जाईल असं वाटलं नव्हतं. विसाव्या दिवशी मी तिला हाताला धरून नळीपुढं आणलं होतं. "बघ. थांबला. मी म्हटलं होतं ना भेगा बुजतील?" ती म्हणाली, "हो, बाबा." आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून, लेक्चर आहे म्हणून गेली. त्याच दुपारी मी सिद्धांतला पहिला फोन केला. आता वाटतं, मी कशावर विश्वास ठेवीन हे तिला बरोबर ठाऊक होतं. परक्या माणसाला फसवताना निदान थोडा अंदाज चुकतो. तिचा काय चुकणार? अकरा वर्षं जेवताना रोज मी भेगा कशा बुजतील हेच तर बोलत होतो. माझंच वाक्य घेऊन तिनं मला फसवलं. केसानं गळा कापला माझा, आणि मी मान पुढं करून बसलो होतो.

स्कूटर काढली आणि दहिवलीला निघालो. पळसदरीच्या अलीकडं रस्त्याचं काम चाललंय, तिथं माणसानं लाल फडकं दाखवून थांबवलं, आणि मी थांबलो, आणि तो फडकं खाली करून जा म्हणाला तरी मी थांबलेलाच होतो. मागचा टेंपोवाला हॉर्न वाजवून शेवटी बाजूनं गेला. माझ्या शर्टाच्या खिशात तो स्क्रू होता. वजन किती, अर्धा ग्रॅम असेल नसेल, पण छातीवर तो कुठं आहे ते मला अचूक सांगता आलं असतं. मनात हिशेब चालूच होता, मास्तरकीची सवय. शंका घ्यायला जागा होती का? होती. जिवंत प्रयोगात आकडा थोडासा तरी हलतो. पन्नास दिवस एका रेषेवर थांबणारा आकडा दुसऱ्या कुणी आणून दाखवला असता तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. पण तो माझा होता, आणि मला तो हवा होता.

अनसूया भाजी फोडणीला टाकत होती. "आज लवकर?" म्हणाली. मी म्हटलं, "डबी दे."

"कसली डबी?"

"तुला ठाऊक आहे कसली."

तिनं आधी गॅस बंद केला. त्यावरूनच मला कळलं. मग हात पुसून आत गेली, कपाट उघडलं, साड्यांच्या खालून पितळी डबी काढून माझ्या हातात दिली. आत पट्टी होती, पिवळा पडलेला कापूस होता, आणि तीन स्क्रू होते. मी खिशातला चौथा काढून त्यांच्याशेजारी ठेवला. टिण्.

"तिनं मागितले, मी दिले," अनसूया म्हणाली.

"कशाला हवेत ते विचारलंस का?"

"विचारलं. बाबांसाठी म्हणाली." ती पलंगाच्या कडेला बसली. "मागच्या खेपेला तुमचा तो प्रयोग फसला तेव्हा दोन महिने तुम्ही ताटावर बसून भिंतीकडं बघत होतात. घास हातात तसाच. मी वाढत होते आणि काढून ठेवत होते. मला ते पुन्हा बघायचं नव्हतं."

"म्हणजे दोघींनी मिळून मला येड्यात काढलंत."

"येड्यात कोण काढतंय? सांभाळलं तुम्हाला."

"मला सांभाळायला सांगितलं होतं कुणी? तो अहवाल गेलाय, अनसूया. माझ्या सहीनं गेलाय. उद्या कुणाच्या तरी पोराच्या हातात ते स्क्रू बसतील, खरे स्क्रू, नवव्या दिवशी विरघळणारे. तुम्ही मला विचारलं का नाही?"

ती मग अगदी हळू म्हणाली, "त्या दिवशी सही करताना तुम्ही मला कुठं विचारलं होतं?" बावीस वर्षांत हे वाक्य ती कधी बोलली नव्हती. मला वाटायचं, तिच्या मनातच नाही. ते तिथंच होतं, साड्यांच्या खाली, डबीशेजारी. तिनं उठून पुन्हा गॅस लावला आणि जेवून जा म्हणाली. मी न जेवता निघालो.

येताना मला राग आठवून आठवून आणावा लागत होता, आणि तो नीट येतही होता. फसवणूक झालेल्या माणसाचं एक असतं, त्याला मागचं सगळं पुन्हा वाचावं लागतं. विसाव्या दिवशीचं ते "हो, बाबा". चाळिसाव्या दिवशी माझा वाढदिवस होता, तेव्हा दोघी स्वयंपाकघरात बोलत होत्या आणि मी आत गेल्यावर गप्प झाल्या. मला वाटलं, केकचं गुपित असेल, आणि मी हसत बाहेर येऊन बसलो. काल अर्धा ठेवलेला पेढा. दर वेळी मी एकटाच खूश होतो आणि माझ्याभोवतीची माणसं माझी खुशी फुटू नये म्हणून जपून पावलं टाकत होती. त्यांच्यात एक माहिती होती आणि मी तिच्या बाहेर होतो. माझ्याच घरात, माझ्याच खोलीत. शत्रूनं केलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

तीनला तिचं लेक्चर सुटलं. मधल्या दारातून ती आत आली, टेबलावरची उघडी बरणी, बशी, खरवडलेला पांढरा चुरा बघितला आणि दार लावून घेतलं. हिरामण चहाच्या निमित्तानं बाहेर गेला.

"कितव्या दिवशी?" मी विचारलं.

"दहाव्या." ती उभीच होती. "नवव्या दिवशी संध्याकाळीच तिन्हींना भेगा गेल्या होत्या. नुसते बुडबुडे. मी घरी आले, तुमच्या डोळ्यावर पट्टी, आणि मी दारात असतानाच तुम्ही पलंगावरून विचारलंत, किती? मी आदल्या दिवशीचाच आकडा सांगितला. म्हटलं, उद्या खरं सांगू. दुसऱ्या दिवशी तुम्ही इतके खूश होतात. मग तुम्ही परत येणार तेव्हा काहीतरी दाखवायला लागणारच होतं."

"आई सांगते, मला सांभाळलं."

"आईला ते वाटलं. मला तसं नाही वाटलं." तिनं खुर्ची ओढली, डाव्या हातानं, आणि बसली. "मला हे एकदाचं संपायला हवं होतं. बाबा, बावीस वर्षं तुम्ही माझ्याशी बोलताना माझ्या हाताकडं बघता. मी कप उचलला की बघता, बॅगेची चेन लावली की बघता. नोकरी लागली तेव्हा पेढा द्यायला आले, तर तुम्ही पेढा कुठल्या हातात धरलाय ते बघितलंत. मला या हाताचं काही वाटत नाही. मला तो आहे तसा माहीत आहे. पण तुमचं तोंड बघून रोज नव्यानं कळतं, की काहीतरी बिघडलंय. मला वाटलं, तुमचा प्रयोग पुरा झाला, छापून आला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, की तुमची फिटंफाट होईल आणि तुम्ही बघायचं थांबाल."

ती हे बोलत होती तेव्हा मी कुठं बघत होतो हे माझ्या लक्षात आलं, आणि मी नजर उचलून बरण्यांकडं नेली. रागाच्या मध्येच मला फार एकटं वाटलं. तिला खोटं बोलवेल असा मी बाप आहे, एवढंच नाही. खरं सांगवणार नाही असा आहे. तरी राग गेला नाही. जायचं कारणच नव्हतं. मी म्हटलं, "माझे स्क्रू कुठं टाकलेस?"

"टाकले नाहीत."

तिनं मधलं दार उघडलं आणि मला तिच्या खात्याच्या सामानाच्या खोलीत नेलं. तिथं मी कधी गेलो नव्हतो. मागच्या ओट्यावर एक लहान कोमट पाण्याची टाकी चालू होती, त्यात तीन बरण्या, वर तीन उलट्या नळ्या. शेजारी शाळकरी वही. मी वही उघडली. डावीकडं कललेलं तिचं अक्षर. दहाव्या दिवसापासून रोज, तिन्ही बरण्यांचे आकडे, रविवारीसुद्धा, माझ्या वाढदिवसालासुद्धा. आजचासुद्धा. खरा प्रयोग इथं, एका भिंतीपलीकडं, माझ्याशिवाय चालू होता. मी तिकडं पोलादाच्या स्क्रूंची राखण करत बसलो होतो. दोन बरण्यांत तळाला राखाडी गाळ होता आणि वर रिकामा दोरा लोंबत होता, गाठीसकट. तिसऱ्या बरणीत स्क्रू होता. पांढरा, खडबडीत, किंचित जाडसर झालेला. माझी गाठ, टोक उजवीकडं.

"हा बाविसाव्या दिवशी मंदावला," ती म्हणाली. "मग जवळजवळ थांबलाच. आठवड्याला एखादा बुडबुडा. भेगा बुजल्या, बाबा. भिंगाखाली बघितलं मी."

तीनातला एक. अकरा वर्षांत मी जे म्हणत होतो ते झालं होतं, आणि झालं त्या दिवशी मी पलीकडच्या खोलीत होतो. "तेव्हा का नाही सांगितलंस? तेव्हा तर चांगली बातमी होती."

"तोवर तुम्ही सिद्धांतला फोन केला होता. तिन्ही टिकले म्हणून. मग एकच टिकला म्हणून सांगायचं, तर आधीचंही सांगावं लागलं असतं."

हे खरं होतं. आणि हेही खरं, की हा आकडा आता कुणाला दाखवता येणार नव्हता. बरण्या हलवलेल्या, नोंदी दोन, एक खोटी, आणि खोटीवर माझी सही. कमिटीतला कुणीही शहाणा माणूस विचारील, एकदा बदललेत, दुसऱ्यांदा कशावरून नाही? मीही हेच विचारलं असतं. एक चांगला स्क्रू तिनं मला दिला होता आणि त्याच हातानं तो कायमचा निकामीही करून ठेवला होता.

मी तिथूनच सिद्धांतला फोन लावला. "शनिवारी अहवाल ठेवू नकोस. मी मागं घेतोय."

"काका, काय झालं? फोटोचं म्हणत असाल तर राहू दे फोटो."

"नळ्यांखालचे स्क्रू माझे नव्हते. स्टीलचे होते. आकडे सगळे खोटे आहेत."

पलीकडून त्यानं विचारलं, "कुणी बदलले?"

ऋजुता माझ्यासमोर उभी होती. तिनं तोंड उघडलं. मी हात वर करून तिला थांबवलं. "अहवालावर सही माझी आहे, सिद्धांत. पत्र आज पाठवतो," म्हटलं आणि फोन ठेवला. तिला वाचवायचं म्हणून नव्हे. खरं सांगायचं तर, माझ्या मुलीनं मला फसवलं हे वाक्य मला मोठ्यानं म्हणवलं नाही. सिद्धांतच काय, पुन्हा कुणी मला त्या खोलीत बरण्या ठेवू देणार नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. कॉलेजवाल्यांना किल्ली परत द्यावी लागेल.

खोलीत टाकी गुणगुणत होती. ऋजुता म्हणाली, "हा प्रयोग बंद करू का?"

"चौऱ्याऐंशी दिवस व्हायचेत ना?"

"कशासाठी आता?"

मी तिसऱ्या बरणीपुढं उभा राहिलो. स्क्रूच्या डोक्याशी एक बुडबुडा चिकटला होता, खसखशीएवढा. सुटतो का म्हणून मी बघत राहिलो, तो सुटला नाही. "आत्ता किती आहे?" मी विचारलं.

ती वाकली, नळीच्या रेषेशी डोळा आणला, आणि पूर्वी संध्याकाळी सांगायची त्याच आवाजात म्हणाली, "दोन पूर्णांक चार."

बरोबरच असणार होता. ती चुकत नाही. मी चष्मा काढून सदऱ्यानं पुसला, पुन्हा घातला, ओट्याला धरून गुडघे वाकवले, आणि स्वतः वाचला. दोन पूर्णांक चार. वळलो तेव्हा ती माझ्याकडं बघत होती. तिचा आकडा मी पहिल्यांदाच तपासला होता, आणि तपासताना तिनं मला बघितलं होतं.